एकरातले साडेतीन गुंठे : दि. बा. पाटील यांची आठवण

पनवेल-उरणच्या बाजूला तुमची सोयरीक असेल, तर ‘दिबा’ हे नाव तुम्ही ऐकलेच असेल. तिकडे पूर्ण नाव कोणी घेत नाही. दिनकर बाळू पाटील, मुक्काम जासई, तालुका उरण. जन्म १३ जानेवारी १९२६ चा, निधन २४ जून २०१३ रोजी. सत्याऐंशी वर्षांचे आयुष्य लाभले, आणि त्यातली साठएक वर्षे लोकांच्या कामात गेली.

आगरी शेतकऱ्याच्या घरात ते जन्मले. ते घर कसल्या जमिनीवर जगत होते हे आधी सांगतो, कारण पुढचे सारे त्यावरच उभे आहे. घाटावरच्या वाचकांना खाडीकाठची शेती ठाऊक नसते. भरतीचे पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा बांध घालायचा. पावसाचे पाणी खाडीत सोडायला उघाडी ठेवायची. पहिल्या पावसात जमिनीतले मीठ धुऊन निघाले की भात लावायचे. भरतीने बांधाला खांड पडली तर एकट्याने काही होत नाही. सारा गाव, बायामाणसे, पोरेसोरे चिखलाची ढेकळे घेऊन धावतात. खारे पाणी एकदा शेतात शिरले की त्या वर्षीचे पीक तर जातेच, पण जमीन पुन्हा गोडी यायला पुढचे पावसाळे मोजावे लागतात. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ हे खारेपण सोसणारे भाताचे वाण काढले ते याच जमिनींसाठी. सांगायचा मुद्दा असा, की अशी जमीन कोणाला आयती मिळालेली नसते. पिढ्यांनी ती खाडीकडून हिसकावून घेतलेली असते.

दिबा शिकले, वकील झाले आणि शेतकरी कामगार पक्षात आले. पनवेलकरांनी त्यांना १९५७ पासून पाच वेळा विधानसभेत पाठवले. कुलाबा मतदारसंघातून १९७७ आणि १९८४ साली ते लोकसभेत गेले. विधानसभेत विरोधी पक्षनेतेही होते. उतारवयात पक्ष सोडून ते शिवसेनेत गेले. त्यावर त्यांच्याच माणसांत पुष्कळ वाद झाला, तो इथे नको.

सन १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर नोटिसा आल्या. पुढे न्हावा-शेवा बंदर आले. सरकार देत होते तो भाव शेतकऱ्यांना मान्य नव्हता. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दास्तान फाटा आणि नवघर येथे आंदोलकांवर पोलिसांचा गोळीबार झाला. पाच शेतकरी गेले. जासईला दर वर्षी जानेवारीत त्यांचे स्मरण होते. त्याच वर्षाच्या अखेरीस लोकांनी दिबांना दुसऱ्यांदा लोकसभेवर निवडून दिले.

भाव वाढवून मागणारे पुढारी सगळीकडे असतात, आणि त्यात वावगे काही नाही. दिबांचे वेगळेपण पुढे आहे. नुसता पैसा पुरणार नाही, गेलेल्या जमिनीतला काही वाटा विकसित भूखंडाच्या रूपाने शेतकऱ्याकडे परत आला पाहिजे, असा त्यांनी हट्ट धरला. त्यातूनच साडेबारा टक्क्यांची योजना आली. तिचे शासन निर्णय १९९० आणि १९९४ सालचे आहेत.

आता जरा कागद-पेन्सिल घ्या. तुमची एक एकर जमीन गेली, म्हणजे ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे. त्यातून सामाजिक सुविधांसाठी ३० टक्के कापले जातात, म्हणजे दीड गुंठा. हातात राहिले साडेतीन गुंठे. ऐकायला थोडे वाटते. पण ते शहरातले, रस्ता-पाणी असलेले साडेतीन गुंठे आहेत. ते राखले तर नातवंडांचे घर उभे राहते. मोबदल्याच्या रकमेत गाडी येते, लग्न होते, आणि चार वर्षांत पासबुक कोरे होते. विस्ताराच्या कामात गावोगाव हिंडताना हे मी इतक्या घरांत पाहिले आहे की आता आकडे विचारायचे मी सोडून दिले.

भूखंड मिळूनही पुष्कळ घरे फसली, तीही बहुधा घरातल्याच कारणांनी. आजोबांच्या नावाची जमीन, वारस बारा, सातबाऱ्यावर नावे तिघांची. भूखंडाची वेळ आली की भाऊ भावाला कोर्टात भेटतो. शेवटी कंटाळून सारे मिळून सही करतात आणि घेणारा आपल्या भावाने घेऊन जातो. बहिणींना तर हक्कसोडपत्रावर सही करायलाच माहेरी बोलावतात. मुलीचा वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ साली मानला, आणि २००५ पासून तो साऱ्या देशात आहे. तेव्हा तुमच्या घरात वडीलधारे माणूस गेले असेल, तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या, आणि त्यात बहिणींची नावे घाला. एवढे केलेत तरी पुढची निम्मी भांडणे टळतात.

दिबांच्या पाठपुराव्याची चिकाटी आपल्या घरकारभारात थोडी तरी उतरायला हवी. बंदरासाठी ज्यांची जमीन गेली, त्यांचा साडेबारा टक्क्यांचा प्रश्न सर्वांत जास्त रेंगाळला. बंदर १९८९ साली सुरू झाले. भूखंडाची हमीपत्रे शेतकऱ्यांच्या हाती पडायला १६ ऑगस्ट २०१४ उजाडला. दिबांना जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. देशाचा नवा भूसंपादन कायदाही त्यांच्या मागे, सप्टेंबर २०१३ मध्ये आला. शहर वसवायला जमीन घेतली, तर विकसित जमिनीतला वीस टक्के भाग मूळ मालकांसाठी राखून ठरलेल्या किमतीला देऊ करावा, अशी तरतूद त्यात आहे.

पनवेलच्या विमानतळाला दिबांचे नाव द्यावे, म्हणून १० जून २०२१ रोजी माणसांनी हातात हात धरून साखळी केली. २०२२ साली विधिमंडळाने तसा ठरावही केला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे, उलवे अशी दहा गावे त्यासाठी उठली. त्या गावांतल्या लोकांना साडेबाराऐवजी साडेबावीस टक्क्यांचा हिशोब लागू झाला.