जिंग लोक

जिंग हा चीनमधील ५५ अधिकृत अल्पसंख्याक वांशिक समूहांपैकी एक समूह आहे. व्हिएतनाममधील बहुसंख्य किन्ह समाज व जिंग लोक मूळचे एकच होत. ग्वांग्शी च्वांग स्वायत्त प्रदेशातील तोंगशिंग शहराच्या हद्दीतील वानवेई, वूतोउ आणि शानशिन ही त्यांची पारंपरिक वसतिस्थाने ‘जिंगांची तीन बेटे’ म्हणून ओळखली जातात. २०२० च्या जनगणनेनुसार त्यांची लोकसंख्या सुमारे ३३,००० आहे.

इतिहास

जिंगांचे पूर्वज १६ व्या शतकाच्या सुमारास व्हिएतनामच्या किनाऱ्यावरून मासेमारी करीत येथे येऊन स्थायिक झाले, असे परंपरा सांगते. १८८७ च्या चीन-फ्रान्स सीमाकरारानंतर हा भाग चीनकडे आला. पूर्वी ‘युए’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या समाजास १९५८ मध्ये ‘जिंग’ हे अधिकृत नाव मिळाले. पुढे समुद्रात बांध घालून ही बेटे मुख्य भूमीशी जोडण्यात आली.

उपजीविका व आहार

मासेमारी हा परंपरागत व्यवसाय होय. मोठे जाळे अनेकजण मिळून किनाऱ्यावर ओढतात व मिळालेली मासळी वाटून घेतात. उथळ पाण्यात लाकडी पायांवर उभे राहून जाळे चालविण्याचीही पद्धत आहे. लहान मासे मिठात मुरवून काढलेला रस जेवणात नेहमी वापरतात. तांदळाच्या पिठाचा, तीळ लावलेला पापड हाही आवडता पदार्थ आहे.

‘हा’ उत्सव

‘हा’ या जिंग शब्दाचा अर्थ गाणे असा आहे. गावोगावी चांद्र पंचांगानुसार वेगवेगळ्या तिथींना हा उत्सव होतो. समुद्ररक्षक देवतेस वाजतगाजत ‘हा’ मंडपात आणणे, पूजा, सहभोजन व गायन आणि शेवटी देवतेस निरोप, असे त्याचे टप्पे असतात. २००६ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश झाला.

भाषा व संगीत

जिंग भाषा व्हिएतनामी भाषेचेच एक रूप आहे. जुनी गीते व पूजापाठ चिनी अक्षरांवरून घडविलेल्या ‘नोम’ लिपीत लिहिले जात. शिक्षण चिनी भाषेत होत असल्याने ही लिपी वाचू शकणारे आता फार थोडे उरले आहेत. परिणामी गीतांच्या हस्तलिखितांचे जतन हा समाजापुढील महत्त्वाचा प्रश्न आहे. एकाच तारेचे ‘दुशियानचिन’ हे जिंगांचे प्रमुख वाद्य होय. डाव्या हाताने लवचीक दांडी वाकवून तारेचा ताण बदलला जातो व त्यातून स्वरांचे चढउतार साधले जातात.