नव्या मोटारीचे आसन आणि कटिशूल : रथक्षोभाचा व्यावहारिक विचार

दसरा किंवा गुढीपाडवा उलटला की सिल्व्हर पार्क परिसरातील इमारतींच्या आवारात हार घातलेल्या नव्या मोटारी दिसू लागतात. त्यानंतरच्या तीन-चार आठवड्यांत चिकित्सालयात येणाऱ्या कटिशूलाच्या रुग्णांपैकी काहींच्या व्याधीचा इतिहास त्या हारापाशीच सुरू झालेला असतो. रुग्ण मात्र तसे सांगत नाही. नव्या, महागड्या मोटारीमुळे आपली कंबर दुखत असेल हे त्याच्या मनास पटत नाही. जुन्या मोटारीत असे कधी झाले नव्हते, एवढेच तो ओझरते बोलून जातो. आपण त्यास स्नेहन, स्वेदन, एखादा गुग्गुळकल्प व कटिबस्ती देतो, त्यास बरेही वाटते, आणि तो पुन्हा त्याच आसनावर जाऊन बसतो. ज्या आसनावर रुग्ण रोज दोन-अडीच तास घालवितो त्याविषयी चिकित्सकाने एकही प्रश्न न विचारणे हे हेतुपरीक्षणातील मोठेच न्यून होय.

वास्तविक हा हेतू आपल्या शास्त्रास अपरिचित नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, वातव्याधीच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात, दुःखकर शय्या व दुःखकर आसन यांची गणना वातप्रकोपाच्या हेतूंत केली आहे. त्याहूनही मार्मिक विवेचन सिद्धिस्थानाच्या बाराव्या अध्यायात आहे. तेथे संशोधनानंतर रुग्णाने टाळावयाच्या आठ महादोषकर भावांत रथक्षोभ, म्हणजे वाहनाचे हिसके, आणि अत्यासन, म्हणजे फार वेळ बसून राहणे, हे दोन स्वतंत्र सांगितले आहेत. रथक्षोभाने संधींना शैथिल्य येते, नितंब, पार्श्व, वंक्षण, कटी व पृष्ठ यांत वेदना होतात, मान व खांदे दुर्बळ होतात, पायांस सूज, बधिरता व झिणझिण्या येतात, असे वर्णन आहे. अत्यासनाच्या परिणामांकडे वळताना ग्रंथकार नवी यादी देत नाही. रथक्षोभामुळे होणाऱ्या त्याच वेदना अत्यासनानेही होतात, असे तो सांगतो. मोटारचालकाच्या ठिकाणी हे दोन्ही हेतू एकाच वेळी, एकाच आसनावर एकत्र येतात. म्हणून आज हा संदर्भ पुन्हा उघडून पाहण्याजोगा आहे.

आपल्या भागातील स्थिती पाहू. सिल्व्हर पार्कहून काशिमीरा नाक्यामार्गे द्रुतगती महामार्गास लागणे हे अंतर किलोमीटरच्या हिशेबात अल्पच आहे. परंतु मीरा-भाईंदर रस्त्यावर २०१९ पासून मेट्रो मार्ग ९ च्या कामाने वर्षानुवर्षे रस्ता अरुंद करून ठेवला आणि येथील चालकांच्या डाव्या पायास विश्रांती उरली नाही. वाहन दहा हात सरकते, थांबते, पुन्हा सरकते. प्रत्येक वेळी क्लच दाबला जातो, आणि आसन चुकीच्या अंतरावर असेल तर प्रत्येक दाबासरशी श्रोणी किंचित पुढे घसरते. तासाभराने चालक आसनावर बसलेला नसून अर्धवट लोळलेला असतो. त्यात खड्ड्यांची भर पडते. बसलेल्या मनुष्याचा पृष्ठवंश सेकंदास सुमारे चार ते सहा कंपनांना सर्वाधिक प्रतिसाद देतो, असे कंपनशास्त्राने मोजले आहे, आणि खराब रस्त्यावरून चालणाऱ्या वाहनाची कंपने बहुतांशी याच पट्ट्यात किंवा त्याच्या आसपास असतात. रथक्षोभ तो हाच.

बसण्याने कटिप्रदेशात नेमके काय घडते? उभे असताना कटिकशेरुकांस पुढील बाजूस स्वाभाविक बाक असतो. बसताना, विशेषतः गुडघे फार सरळ ताणलेले असताना, मांडीच्या मागील स्नायू श्रोणीस मागे फिरवितात, तो बाक सपाट होतो आणि कशेरुकांमधील चकतीच्या मागील भागावर ताण येतो. स्वीडनमधील अस्थिरोगतज्ज्ञ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात प्रत्यक्ष चकतीत सुई घालून दाब मोजला व बसलेल्या स्थितीत तो उभ्या स्थितीहून अधिक भरतो असे दाखविले. १९९९ मध्ये विल्के व त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी केलेल्या मापनात हा फरक तितका आढळला नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. बसणेच वाईट, असा सरसकट निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही. पाठ थोडी मागे कलती ठेवली व कटीमागे आधार दिला तर चकतीवरील दाब घटतो, हे नाकेमसन व अँडरसन यांचे १९७० च्या दशकातील निरीक्षण मात्र चिकित्सकास थेट उपयोगी पडते.

आसन लावण्याचा क्रम

रुग्णास शक्य असल्यास मोटारीसह बोलवावे व आपण खाली उतरून तो कसा बसतो ते पाहावे. पाच मिनिटांचे हे परीक्षण दहा प्रश्नांचे काम करते. रुग्ण नेहमीच्या पादत्राणांत असावा आणि मागच्या खिशातील पैशांचे पाकीट प्रथम बाहेर काढावयास लावावे. एका नितंबाखाली पाकीट ठेवून रोज तासभर बसणाऱ्यास गृध्रसीसदृश वेदना होणे नवल नव्हे. पाकीट काढल्यानेच अर्धा व्याधी गेला, असे रुग्ण विरळा नाहीत.

पुढील क्रम सोडू नये, कारण एक गोष्ट हलविली की पुढची बदलते. प्रथम नितंब आसनाच्या अगदी मागच्या कोपऱ्यात टेकवावेत. नंतर उंची पाहावी. ही सोय असलेल्या मोटारीत डाव्या-उजव्या बाजूच्या लिव्हरने आसन इतके उचलावे की कटीचा सांधा गुडघ्याच्या पातळीवर किंवा किंचित वर येईल, समोरचा रस्ता स्टिअरिंगच्या वरून निर्वेध दिसेल आणि डोके व छत यांत एक मूठ तरी राहील. मग अंतर लावावे. क्लच तळापर्यंत दाबला असताना डावा गुडघा किंचित वाकलेलाच राहिला पाहिजे. पाय पूर्ण सरळ होत असेल तर आसन एक-दोन खाचा पुढे घ्यावे. क्लच नसलेल्या मोटारीत हीच परीक्षा ब्रेक जोराने दाबून करावी. गुडघ्याच्या मागील खळगी व आसनाची कड यांमध्ये दोन-तीन बोटे शिरतील इतकी जागा असावी, नाहीतर कड तेथील सिरा-धमन्या दाबते व पायांस जडत्व येते.

त्यानंतर पाठ. काटकोनात ताठ बसणे हे शिस्तीचे लक्षण असेल, आरोग्याचे नव्हे. पाठ काटकोनाहून दहा ते वीस अंश मागे कलती असावी. त्याहून अधिक मागे केल्यास मान पुढे काढून रस्ता पाहावा लागतो आणि कटिशूल जाऊन मन्यास्तंभ पदरी पडतो. तरुण चालकांत ही लोळण्याची पद्धत लोकप्रिय आहे. खांदे पाठीस टेकलेले असताना हात लांब केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पडावे. प्रत्यक्ष धरताना कोपरे वाकलेली व खांदे सैल राहतील. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकाची एअरबॅग सक्तीची झाली आहे. ती फुगण्याचा वेग पाहता छाती व स्टिअरिंगचा मध्य यांत किमान पंचवीस सेंटीमीटर, म्हणजे साधारण एक वीत व चार बोटे, अंतर राखावे. ठेंगण्या व्यक्तींच्या बाबतीत, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, येथे अडचण येते. पाय पोहोचावेत म्हणून त्या आसन पुढे ओढतात आणि छाती स्टिअरिंगला भिडते. अशा वेळी आसन मागे नेण्यापेक्षा पाठ किंचित कलती करावी व स्टिअरिंग खाली-वर होत असल्यास खाली घ्यावे. निसरडी, सुटी उशी खाली घालून उंची वाढवू नये, कारण धक्क्यासरशी शरीर पट्ट्याखालून पुढे सरकते.

हेडरेस्टचा उपयोग मान टेकवून झोपण्यासाठी नाही. मागून धडक बसल्यास डोके मागे फेकले जाऊ नये म्हणून ते असते. त्याची वरची कड मस्तकाच्या वरच्या पातळीस व ते डोक्यामागे शक्य तितके निकट असावे. मानेपाशी खाली दाबून ठेवलेले हेडरेस्ट उपकाराऐवजी अपकार करते. आरसे सर्वांत शेवटी लावावेत. त्यात एक युक्ती अशी की, सकाळी नीट बसून आरसा लावला आणि सायंकाळी परतताना मागची काच त्यात पूर्ण दिसेनाशी झाली, तर आरसा हललेला नाही, चालक खाली घसरला आहे.

सुरक्षापट्ट्याचा खालचा भाग उदरावरून नव्हे तर श्रोणीच्या हाडांवरून गेला पाहिजे. गर्भिणीस हे आवर्जून सांगावे. पट्टा गर्भाशयाच्या खालून, सपाट व घट्ट असावा.

काही लहान मोटारींत पुढच्या चाकाच्या कमानीमुळे पेडल आसनाच्या मध्यरेषेवर नसून किंचित बाजूस असतात. अशा मोटारीत चालक नकळत कमरेत पिळून बसतो आणि कोणत्याही लिव्हरने हा दोष जात नाही. म्हणून मोटार घेण्यापूर्वीच, कटिशूलाचा पूर्वेतिहास असलेल्या रुग्णाने, दालनात पाच मिनिटे नव्हे तर रस्त्यावर किमान अर्धा तास ती चालवून पाहावी. रंग व संगीतयंत्र नंतर पाहता येते. नवा फोम आरंभी कठीण असतो व शरीरही जुन्या आसनास सरावलेले असते, म्हणून पहिले दोन आठवडे थोडी अस्वस्थता स्वाभाविक मानावी. त्या काळात रोज सर्व काही बदलत बसू नये. एका वेळी एकच खाच हलवावी व दोन-तीन दिवस परिणाम पाहावा.

उपकरणे आणि औषधविक्रेते

कटीमागील आधारासाठी बाजारात नाना प्रकारच्या उशा मिळतात. आधी हातरुमालाएवढ्या टॉवेलची मनगटाइतकी जाड गुंडाळी कमरपट्ट्याच्या पातळीवर ठेवून पाहावी. तीत सुख वाटले तरच उशी घ्यावी. मोठी, फुगीर उशी संपूर्ण पाठ पुढे ढकलते व मांडीचा आधार हिरावते. मानेमागची गुबगुबीत उशी डोके पुढे लोटते, तिची शिफारस करण्याचे कारण दिसत नाही. ज्या मोटारींत आसनाच्या बाजूस एअरबॅग असते तेथे बाहेरून शिवून घेतलेले जाड आच्छादन ती उघडण्यास अडथळा करू शकते. कटिपट्टा बांधून रोज मोटार चालविण्याची सवयही रुग्णास लागू देऊ नये. मानेच्या कॉलरविषयी तर स्पष्टच सांगावे : कॉलर लावलेल्या व्यक्तीस मान वळवून बाजूचे वाहन पाहता येत नाही, म्हणून तिने चालकाच्या आसनावर बसू नये.

पंचकर्मानंतरचे वाहनचालन

संशोधित रुग्णास नुकत्या घातलेल्या अंड्यासारखे, तेलाने काठोकाठ भरलेल्या पात्रासारखे जपावे, अशी उपमा सिद्धिस्थानाच्या त्याच अध्यायात आहे. त्या पात्राने लगेच चावी फिरवून काशिमीरा नाका गाठावा हे शास्त्रास धरून नाही. निरूहबस्ती प्रत्यागत होईपर्यंत रुग्णास सोडू नयेच. अनुवासन तर कित्येक तास आत राहू शकते, आणि वेग आला असता सिग्नलवर अडकलेल्या रुग्णापुढे वेगधारणावाचून गत्यंतर नसते. ज्या वातासाठी बस्ती दिला तोच वात त्यामुळे पुन्हा प्रकुपित होतो. बस्तिक्रम चालू असताना सोबत दुसरा चालक असावा, ही अट पहिल्याच दिवशी घालावी.

अभ्यंगानंतर तळपाय नीट पुसले गेले नाहीत तर पेडलवरून पाय घसरतो. वरवर क्षुल्लक वाटणारी ही बाब प्रत्यक्षात जीवघेणी ठरू शकते. परिचारकांस तशी ताकीद असावी. तसेच स्वेदनानंतर वातानुकूलन यंत्राचा झोत मानेवर किंवा खांद्यावर येऊ देऊ नये. झडपा वर वळवाव्यात.

कोणी चालवू नये

कटिशूलाच्या रुग्णास वाहन चालविण्याची अनुमती देण्यापूर्वी दोन्ही पायांची संवेदना व बल तपासावे. उजव्या पायात पादसुप्ती असलेल्या गृध्रसीच्या रुग्णास ब्रेक किती दाबला गेला हे कळत नाही. चवड्यावर उभे राहून चालता येते का, टाचेवर चालता येते का, एवढे पाहिले तरी बलहानी लक्षात येते. ती असेल तर वाहन पूर्ण बंद करावे, आणि रुग्णाच्या उपजीविकेचा प्रश्न असला, तो टॅक्सीचालक असला, तरी यात तडजोड करू नये. मूत्र किंवा मल यांवरील नियंत्रण जाणे, गुद व जननेंद्रियाभोवती बधिरता येणे, दोन्ही पाय एकदम दुर्बळ होणे, यांपैकी काहीही आढळल्यास तेलमालिश व बस्तीत वेळ न दवडता रुग्णास त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला, शल्यसुविधा असलेल्या रुग्णालयात पाठवावे.

दीर्घ प्रवासात दर दीड-दोन तासांनी उतरून पाच मिनिटे चालावे, असे सर्वांस सांगावे. रथक्षोभ व अत्यासन यांच्या चिकित्सेत चरकाने स्नेह-स्वेदादी वातहर कर्मांच्या जोडीने निदानवर्जन सांगितले आहे. मोटार वर्ज्य करणे बहुतेकांस शक्य नसते, परंतु आसन सुधारणे शक्य असते. केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्याखाली वाहन कोणते, क्लचचे की स्वयंचलित, कधी घेतले व रोज किती वेळ, एवढ्या चार नोंदी वाढवाव्यात. क्लचच्या मोटारीत डावा पाय व स्वयंचलित मोटारीत उजवा पाय दुखू लागला, तर या नोंदी निदानाची दिशा दाखवितात.

औषधविक्रेत्या बंधूंस एक विनंती. महिन्याभरात तिसऱ्यांदा वेदनाहर तेल किंवा मलम मागणाऱ्या ग्राहकास, तो कारच्या चाव्या काउंटरवर ठेवून पैसे काढत असताना, पायास मुंग्या येतात का व चप्पल नकळत सुटते का, हे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर होय आले तर बाटली देण्यापूर्वी त्यास जवळच्या वैद्याकडे पाठवावे.