वेल लावण्याआधी वारा पाहा

सुगंधासाठी वेल लावायचा तर फुलाचा रंग आणि आकार मागे ठेवावा. आधी वास कोणत्या वेळी सुटतो आणि वारा कोणत्या दिशेने येतो ते पाहावे. बोगनवेल आणि संक्रांतवेल कमानीवर देखण्या दिसतात, पण त्यांना वास जवळजवळ नाहीच. जाई, जुई, कुंदा यांची फुले पांढरी आणि लहान. अशी फुले पतंगांना अंधारात शोधता यावीत म्हणून त्यांचा गंध सांजवेळी वाढतो. दिवसभर कामावर असणाऱ्या घराला म्हणूनच हे वेल सोयीचे: माणसे परततात तेव्हाच ते दरवळू लागतात.

आता वारा. उदाहरणार्थ गडमुडशिंगी घ्या: हे गाव कोल्हापूरच्या पूर्वेला, उजळाईवाडी विमानतळाशेजारी, करवीर तालुक्यात. पावसाळ्यात इथे वारा पश्चिमेकडून, म्हणजे सह्याद्रीकडून येतो, आणि जाई-जुईचा मोठा बहरही त्याच दिवसांतला. त्यामुळे त्यांचा मांडव घराच्या पश्चिम अंगाला, खिडकीजवळ हवा. पूर्वेला लावलात तर सगळा वास शेजारच्या शेतात जाईल. कुंदा थंडीत फुलतो, तेव्हा वारा बहुधा पूर्वेचा असतो, म्हणून त्याची जागा पूर्वेला. मधुमालतीला रंग आणि गंध दोन्ही आहेत, हे खरे. संध्याकाळी पांढरे उमललेले तिचे फूल पुढे गुलाबी, मग लाल होते. पण तिचा पसारा दांडगा; लहान अंगणात ती सगळी जागा खाते. माधवीलता तर मोठ्या झाडावरच शोभते.

सुगंधी वेलाखाली साप येतो, ही भीती गावोगाव ऐकू येते. साप वासाला भुलून येत नाही. वेलाचा बुंधा गचपणात बुडाला की तिथे बेडूक-उंदरांना आसरा मिळतो, आणि साप त्यांच्यामागे येतो. तेव्हा वेल तोडण्याऐवजी जमिनीपासून हात-दीड हात खोड मोकळे ठेवावे, पालापाचोळा साठू देऊ नये. काळ्या जमिनीत जाई तग धरत नाही, ही तक्रार मात्र खरी आहे. पाणी साचून मुळे कुजतात. त्यासाठी वाफा उंच करावा, मातीत मुरूम आणि शेणखत मिसळावे. युरियाचा हात आखडता ठेवावा, नाहीतर पानेच माजतात. जाई-जुईला फूल नव्या फुटव्यावर येते, म्हणून डिसेंबरअखेर ते जानेवारीत न कचरता छाटणी करावी आणि छाटणीआधी काही दिवस पाणी तोडावे.