गुरुजींचे मूल्यमापन (लेखांक ६) : जूनमध्ये मूल कुठे होते?

गेल्या लेखात गोपनीय अहवाल पाहिला. साहेब येतात, हजेरीपट आणि पाठटाचण बघतात, शेरा लिहून जातात. तिसरीतल्या मुलाला वाचता येते का, हे त्या शेऱ्यात क्वचितच उतरते. मग मुलांच्या गुणांवरूनच शिक्षकाला जोखले तर? आपल्याकडे यावर तावातावाने वाद होतात. विभाजनापूर्वी आपल्या शेजारी असलेल्या आंध्र प्रदेशाने मात्र ते करून पाहिले आहे.

२००५ साली कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या ग्रामीण सरकारी शाळांत प्रयोग सुरू केला. १०० शाळांत प्रत्येक शिक्षकाला त्याच्या मुलांच्या प्रगतीवर, आणखी १०० शाळांत सगळ्या शिक्षकांना मिळून शाळेच्या प्रगतीवर बक्षीस. वर्षाच्या सुरुवातीला चाचणी, अखेरीस पुन्हा चाचणी, आणि ती घेणारे शाळेबाहेरचे. सरासरी ३० टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर गेली तर वाढ १५ टक्के-अंकांची. पहिल्या वर्षी त्यातले ५ वजा आणि उरलेल्या प्रत्येक टक्क्याला ५०० रुपये, म्हणजे ५,००० रुपये. कच्च्या मुलाला परीक्षेच्या दिवशी घरी बसवायची सोय नव्हती. गैरहजर मुलाच्या नावावर ५ टक्के घट धरली जाई. हिशेबातली ही एक ओळ मला साऱ्या प्रयोगात सर्वांत शहाणपणाची वाटते.

दोन वर्षांनी या शाळांतील मुले गणितात आणि भाषेत इतरांच्या स्पष्ट पुढे होती. विज्ञान आणि समाजशास्त्राला बक्षीस नव्हते, तरी त्यांतही पुढे. शिक्षकांची गैरहजेरी काही कमी झाली नाही. पण आलेल्या दिवशी त्यांनी जास्त गृहपाठ दिला, जादा तास घेतले, सराव पेपर सोडवून घेतले.

याच संशोधकांनी काही शाळांना बक्षीस न देता फक्त मुलांचे निकाल समजावून दिले आणि नियमित भेटी दिल्या. पाहणारा वर्गात असताना शिक्षक अधिक उत्साहाने शिकवताना दिसले. मुलांचे गुण मात्र वाढले नाहीत. आपल्या शाळाभेटींवर विसंबणाऱ्यांनी हे नीट वाचावे.

गुणांचा दुसरा चेहरा अमेरिकेतील अटलांटा शहरात दिसला. तिथे गुणांचे लक्ष्य गाठले नाही तर नोकरीवर गदा येई आणि उत्तरपत्रिका शाळेच्याच ताब्यात असत. मुलांची चुकीची उत्तरे खोडून बरोबर केली गेली. २०११ च्या सरकारी चौकशीत ४४ शाळांतील १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावे आली. २०१५ मध्ये ११ जण न्यायालयात दोषी ठरले. आंध्रात बक्षीस वार्षिक पगाराच्या सरासरी ३ टक्क्यांच्या आसपास होते, आणि कोणाची नोकरी पणाला लागली नव्हती.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. निकालाच्या टक्केवारीवर शिक्षकांची क्रमवारी लावणे अन्यायाचे आहे. ऊसतोड मजुराच्या मुलाला शून्यापासून जोडाक्षरांपर्यंत आणणारी बाई त्या यादीत तळाला जाईल. मूल कुठून कुठे आले हे मोजा, बाहेरच्या माणसाकडून मोजा, आणि त्यावर पगार टांगू नका.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तुम्ही त्यांपैकी असाल तर पुढच्या सभेत रंगरंगोटीच्या आधी हा विषय घ्या : जूनमध्ये आपल्या मुलांना काय येत होते, आणि आज काय येते?