कचारगड : विखुरलेल्यांची वाट (लेखांक 6)

मागच्या लेखात आपण अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडावर होतो. महाशिवरात्रीला तिथे महादेवाला आणि दर्ग्याला एकाच दिवशी गर्दी लोटते. जवळच, गोठणगावच्या परिसरात, 1972 पासून तिबेटी निर्वासितांची नोरग्येलिंग वसाहत आहे. आज गोंदिया जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सालेकसा तालुक्यात जाऊ.

गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दरेकसा हे छोटं स्टेशन आहे. माघ पौर्णिमा आली की इथे उतरणाऱ्यांत पिवळे दुपट्टे दिसू लागतात. ‘जय सेवा’, ‘सेवा जोहार’ अशी हाळी ऐकू येते. कुणी छिंदवाडा-बालाघाटहून आलेलं असतं, कुणी बस्तरहून, कुणी आदिलाबादहून. गाड्यांवर ‘750’ हा आकडा रंगवलेला असतो. गोंडांच्या साडेसातशे कुळांची ती खूण. धनेगावला मुक्काम करायचा आणि तिथून जंगलातली चढण चढून कचारगडच्या गुहेपाशी जायचं. वाटेवर सप्तरंगी झेंडे, ढोल, आणि चढताना दम लागला तरी गाणं न सोडणाऱ्या बाया.

गुहा प्रचंड आहे. छताला एक भगदाड आहे, त्यातून उजेडाचा झोत आत येतो. या गुहेशी जोडलेली कथा इथे प्रत्येकाला तोंडपाठ असते. काली कंकालीची तेहतीस मुलं या गुहेत कोंडली गेली आणि तोंडाशी शिळा लावली गेली. जंगो रायताड देवीला त्यांची कणव आली. हिरासुका पाटारीने किंगरी हे तंतुवाद्य वाजवलं, त्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगात बळ आलं, शिळा सरकली, पण तिच्याखाली सापडून हिरासुकाचाच जीव गेला. सुटलेल्या मुलांना पहांदी पारी कुपार लिंगोने शिकवलं, कुळं नेमून दिली आणि दाही दिशांना पाठवलं. कोया पुनेम, म्हणजे गोंडांचा धर्ममार्ग, इथून सुरू झाला असं मानतात. बंदिवासातून सुटका आणि मग पांगापांग: धर्माची सुरुवातच अशी सांगणारा समाज दरवर्षी त्या जागी परत येतो, याचं मला फार मोल वाटतं.

मात्र ही यात्रा आज दिसते त्या रूपात फार जुनी नाही. गीतांत आणि कथांत कचारगड होतंच, आसपासच्या गावांना ते ठाऊकही होतं. 1980 च्या दशकात काही कार्यकर्ते आणि अभ्यासक त्या गीतांचा माग काढत इथे पोहोचले. डॉ. मोतीरावण कंगाली हे त्यांतलं ठळक नाव. नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी करत त्यांनी आयुष्यभर गोंडी भाषा आणि संस्कृतीवर लिहिलं. ‘गोंडवाना दर्शन’ मासिकाचे संपादक सुन्हेरसिंह ताराम हे दुसरं. मूठभर माणसांपासून सुरू झालेल्या यात्रेला आता लाखांची गर्दी होते.

गोंडांची वस्ती भाषावार प्रांतरचनेत महाराष्ट्र, मध्य प्रदेश, आंध्र, ओडिशा अशी वाटली गेली. मुलं मराठी, हिंदी, तेलुगू शाळांत गेली, घरची बोली मागे पडली. 2011 च्या जनगणनेत गोंडी भाषक सुमारे 29.8 लाख भरले. गोंड जमातीची संख्या याच्या कितीतरी पट आहे. आठव्या अनुसूचीत गोंडीला आजही जागा नाही. कचारगडच्या मांडवात या सगळ्या प्रांतांतली माणसं एकमेकांना आधी कूळ विचारतात, मग ‘किती देवांचे’ ते, म्हणजे कुळाचे देव किती ते. सोयरीक जुळेल की नाही, हे त्यावरूनच ठरतं.

यात्रेची वेळही बघा. गोंदिया धानाचा जिल्हा, आणि सिंचन नसलेल्या शेतात धानाचं एकच पीक. मळणी आटोपली की हाताला काम नसतं. माघात गावोगावची माणसं नागपूरच्या बांधकामांवर, वीटभट्ट्यांवर किंवा तेलंगणात मिरची तोडायला जातात. पांगलेल्या पूर्वजांचं स्मरण ज्या महिन्यात होतं, त्याच महिन्यात त्यांचे वंशज पोटासाठी पांगतात. म्हणून इथल्या भाषणांत लिंगोच्या पाठोपाठ वनहक्क कायदा येतो, आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा येतो, यात मला काही विसंगत दिसत नाही. गडचिरोली-गोंदियातल्या काही ग्रामसभांनी 2006 च्या वनहक्क कायद्याच्या आधारे तेंदूपानाची विक्री स्वतः करायला घेतली. जंगलावर हक्क असला, तर उन्हाळ्याची मजुरी गावातच मिळू शकते.

पोटासाठी पांगणाऱ्यांच्या आठवणीची आणखी एक यात्रा इथे आठवते. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात 2004 पासून दरवर्षी एक पदयात्रा निघते. मेक्सिकोतल्या सासाबेपासून टूसानपर्यंत सुमारे 120 किलोमीटर, सीमा ओलांडताना मेलेल्या स्थलांतरितांच्या नावांचे क्रूस हाती घेऊन. चालणाऱ्यांत चर्चची माणसं बरीच असतात, आणि बहुतेकांनी ते दुःख स्वतः भोगलेलं नसतं. साक्षीला यावं म्हणून ती येतात. कचारगडला ज्याची कथा तोच चालतो. आपल्यासारख्या बाहेरच्याने तिथे जरूर जावं, पण गुहेचे फोटो काढून माघारी फिरू नये. मांडवात बसावं, पुस्तकांच्या दुकानांवर गोंडी शब्दकोश आणि दिनदर्शिका चाळाव्यात, भूमकाला, म्हणजे गोंड पुजाऱ्याला, गोंगोची (पूजेची) रीत विचारावी.

भाषणांत हल्ली एक विषय हमखास निघतो: जनगणनेतला धर्माचा रकाना. इंग्रजांच्या काळात आदिवासी धर्मांची नोंद वेगळी होत असे. स्वातंत्र्यानंतर ती बंद झाली. 2011 च्या अर्जात सहा धर्मांना आकडे दिलेले होते, बाकीच्यांनी नाव लिहून द्यायचं होतं. तरीही 10 लाखांहून अधिक लोकांनी धर्म म्हणून ‘गोंडी’ लिहिलं. पुढची जनगणना 2027 ची आहे, आणि स्वतंत्र रकान्याची मागणी अजून मान्य झालेली नाही. त्या मागणीचा इतिहास पुढच्या लेखात.