तोंड एकच, कुवत वेगळी : लॅपटॉपसाठी हब किंवा डॉक घेताना

गेवराई, माजलगाव, अंबाजोगाई, परळी... जिल्ह्यातील कोणत्याही बाजारपेठेत फिरून पाहा. कापडाचे दुकान असो, हार्डवेअर असो की फोटो स्टुडिओ, गल्ल्यावर वहीच्या शेजारी आता लॅपटॉप आला आहे. बिलाचा प्रिंटर, बारकोडचे यंत्र, बोटांचे ठसे घेणारे यंत्र, दुसरा मॉनिटर अशी अनेक उपकरणे त्याला जोडावी लागतात. पण नवे लॅपटॉप पातळ झाले आणि त्यांचे पोर्ट दोन-तीनच उरले. म्हणून ‘हब’ किंवा ‘डॉक’ नावाचा डबा घेण्याची वेळ येते. डबा एका केबलने लॅपटॉपला जोडायचा आणि बाकीची उपकरणे डब्याला.

येथेच अनेक बांधवांचे पैसे वाया जातात. कोणी हजार रुपयांचा हब आणतो आणि मॉनिटरवर चित्रच येत नाही. कोणी वीस हजारांच्या वरचा डॉक व्याजाच्या हप्त्यावर उचलतो आणि त्याला फक्त प्रिंटर व माऊस जोडतो. पहिल्याचे नुकसान उघड दिसते. दुसऱ्याचे दिसत नाही, पण ते अधिक मोठे असते. दोघांची चूक मात्र एकच : पोर्टचा आकार पाहिला, कुवत पाहिली नाही.

आकार म्हणजे कुवत नव्हे

आज नव्या लॅपटॉपवर जो लहान, लांबट गोल, उलटसुलट कसाही बसणारा पोर्ट दिसतो, त्याला यूएसबी-सी म्हणतात. तो २०१४ साली आला. भारतीय मानक ब्युरोनेही या पोर्टसाठी मानक जाहीर केले आहे. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून मोबाईलसाठी हाच पोर्ट बंधनकारक केला आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. म्हणजे यापुढे आपल्याला याच पोर्टशी व्यवहार करावयाचा आहे.

परंतु यूएसबी-सी हे केवळ तोंडाचे नाव आहे. आपल्या बीडची चामड्याची छागल एके काळी प्रसिद्ध होती. छागलीचे तोंड पाहून तिच्यात पाणी किती मावेल, हे कोणी ठरवीत नसे. तसेच येथे आहे. एकसारख्या दिसणाऱ्या दोन पोर्टांपैकी एक फक्त माहितीची ने-आण करतो, तर दुसरा माहिती, चित्र आणि वीज ही तिन्ही कामे करतो. एकाच लॅपटॉपवरील दोन यूएसबी-सी पोर्टसुद्धा वेगवेगळ्या कुवतीचे असू शकतात. म्हणून खरेदीपूर्वी तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत.

पहिला प्रश्न : वेग किती?

वेग गिगाबिट प्रति सेकंद या मापात सांगतात. २००० साली आलेल्या यूएसबी २.० चा वेग अर्ध्या गिगाबिटपेक्षाही थोडा कमी आहे. २००८ च्या यूएसबी ३.० चा वेग ५ गिगाबिट आहे. पुढे १० आणि २० गिगाबिटचे प्रकार आले. २०१९ च्या यूएसबी-फोरचा वेग २० किंवा ४० गिगाबिट असतो. इंटेल कंपनीचे थंडरबोल्ट हे वेगळे मानक असून त्याची तिसरी आवृत्ती २०१५ साली यूएसबी-सी पोर्टवर आली. तिसऱ्या आणि चौथ्या आवृत्तीचा वेग ४० गिगाबिट, तर पाचवीचा ८० गिगाबिट आहे.

आकड्यांनी दबून जाऊ नये. शंभर गिगाबाइटचे लग्नाचे चित्रीकरण यूएसबी २.० ने उतरविण्यास पाऊण तास लागतो. ५ गिगाबिटच्या पोर्टने, चांगली एसएसडी असल्यास, तेच काम चार-पाच मिनिटांत होते. पण बिलाचा प्रिंटर आणि बारकोडचे यंत्र यांना यूएसबी २.० देखील पुरून उरते. त्यांना ४० गिगाबिटचा डॉक दिल्याने बिल लवकर छापले जात नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डब्याला पोर्ट आठ असले तरी लॅपटॉपकडे जाणारी केबल एकच असते. खजाना विहिरीची नहर पुढे कितीही वाफ्यांत फोडली तरी पाणी नहरीत मावेल तेवढेच येणार. हबचेही तसेच आहे, सर्व उपकरणे तोच वेग वाटून घेतात.

दुसरा प्रश्न : चित्र जाते काय?

यूएसबी-सी पोर्ट असला म्हणजे मॉनिटर चालेलच, असे नव्हे. त्यासाठी त्या पोर्टमध्ये ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ ही सोय असावी लागते किंवा तो थंडरबोल्टचा असावा लागतो. पोर्टजवळ इंग्रजी डी आणि पी ही अक्षरे जोडलेले चिन्ह असेल तर चित्र जाते. विजेच्या बाणाचे चिन्ह असेल तर तो बहुधा थंडरबोल्ट असतो. चिन्ह नसेल तर लॅपटॉपच्या खालच्या बाजूचा मॉडेल क्रमांक घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर त्याची माहिती पाहावी.

स्वस्त हबच्या खोक्यावर ‘फोर-के’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. त्याच्या शेजारी ३० हर्ट्झ लिहिले आहे की ६०, हे पाहावे. ३० वर माऊसचा बाण अडखळत चालतो आणि दिवसभर काम करणाऱ्याचे डोळे शिणतात. दुकानातील साध्या फुल एचडी मॉनिटरला मात्र या हबने अडचण येत नाही.

ज्या लॅपटॉपमध्ये चित्राची सोय नाही, त्याच्यासाठी ‘डिस्प्लेलिंक’ तंत्राचे डॉक मिळतात. ते साध्या यूएसबीवरही चालतात. त्यासाठी लॅपटॉपमध्ये वेगळे सॉफ्टवेअर टाकावे लागते. बिल आणि हिशेबाच्या कामास ते पुरेसे आहे.

तिसरा प्रश्न : वीज किती?

हबमधून लॅपटॉप चार्ज करावयाचा असेल तर लॅपटॉपच्या यूएसबी-सी पोर्टने वीज घेतली पाहिजे. गोल पिनचा चार्जर असलेल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ही सोय नसते. हब स्वतःही थोडी वीज खातो. म्हणून ६५ वॅटचा चार्जर लावला तर लॅपटॉपला सुमारे ५० वॅटच पोहोचतात, हे हिशेबात धरावे. चार्जर जास्त वॅटचा असल्याने लॅपटॉप जळेल, अशी भीती बाळगू नये. चांगल्या चार्जरकडून लॅपटॉप हवी तेवढीच वीज मागून घेतो.

केबलचेही असेच आहे. साधी यूएसबी-सी केबल ६० वॅटपर्यंत वीज नेते. १०० वॅटसाठी आत चिप असलेली पाच अँपिअरची केबल लागते. मोबाईलसोबत आलेली केबल बहुतेक वेळा चार्जिंगपुरतीच असते. तिचा वेग यूएसबी २.० एवढाच असतो आणि तिच्यातून चित्र जात नाही. कित्येकदा डॉक चांगला असतो आणि दोष केबलचा निघतो.

कोणाला काय पुरेल?

किराणा, कापड, औषधे आणि हार्डवेअरच्या दुकानाला साधा यूएसबी हब पुरतो. उपकरणे चारपेक्षा अधिक असतील तर स्वतंत्र अॅडॉप्टरचा हब घ्यावा. सर्व यंत्रे लॅपटॉपच्याच विजेवर चालविली तर ती मध्येच बंद पडतात आणि दोष प्रिंटरला दिला जातो.

सेवा केंद्र चालविणाऱ्यांना ठशांचे यंत्र, कॅमेरा, स्कॅनर, इंटरनेटची केबल आणि दुसरा मॉनिटर लागतो. त्यांनी ५ किंवा १० गिगाबिटचा, चित्र आणि चार्जिंग दोन्ही देणारा यूएसबी-सी हब पाहावा. तो साधारण दोन-तीन हजारांत मिळतो.

चित्रीकरण आणि मोठ्या फ्लेक्सचे काम करणाऱ्यांना, रोज शेकडो गिगाबाइट हलवावे लागत असतील आणि दोन फोर-के मॉनिटर हवे असतील, तरच यूएसबी-फोर किंवा थंडरबोल्टचा खर्च परवडतो. त्यापूर्वी आपला लॅपटॉप त्या मानकाचा आहे, याची खात्री करावी. साध्या यूएसबी-सी लॅपटॉपला थंडरबोल्ट ३ चे काही डॉक चालतच नाहीत, आणि जे चालतात ते साध्याच वेगाने चालतात. याउलट, थंडरबोल्टच्या पोर्टला साधा यूएसबी-सी हब बिनदिक्कत चालतो.

शिलाई आणि कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी करणाऱ्या कारागिरांचे डिझाइन बहुतेक वेळा पेनड्राइव्हने यंत्रात जाते. त्यांना लॅपटॉपवर एक साधा यूएसबी पोर्ट किंवा दीड-दोनशे रुपयांचा कन्व्हर्टर पुरे. तेच पैसे धाग्यात आणि सुईत घातलेले बरे.

घेताना आणि विकताना

जुना लॅपटॉप घेणाऱ्यांनी प्रत्येक पोर्टमध्ये उपकरण लावून पाहावे. हब घेताना आपला लॅपटॉप सोबत न्यावा आणि मॉनिटर, पेनड्राइव्ह व चार्जर एकाच वेळी जोडून दहा मिनिटे चालवून पाहावे. पक्के बिल घ्यावे आणि माल परत घेण्याची मुदत त्यावर लिहून घ्यावी. जे काम दोन हजारांत होते त्यासाठी व्याजाचा हप्ता डोक्यावर घेणे, हे व्यापारातही शहाणपणाचे नाही आणि दीनच्या दृष्टीनेही योग्य नाही.

आपल्यापैकी पुष्कळ बांधव मोबाईल आणि कॉम्प्युटरच्या सामानाचे दुकान चालवितात. त्यांच्यावर जबाबदारी अधिक आहे. ग्राहकाला पोर्टमधील फरक कळत नाही, तो आपल्या शब्दावर माल नेतो. ‘सगळ्याला चालतो’ असे सांगून विकलेला हब त्याच्या लॅपटॉपवर चालला नाही, तर तो मापात मारण्याचाच प्रकार झाला. मालाची मर्यादा विकण्यापूर्वी सांगणे हा आपल्या व्यापाराचा जुना दंडक आहे. खोक्यावर एक चिठ्ठी चिकटवावी : वेग इतका, चित्र जाते किंवा जात नाही, वीज इतके वॅट. एखादे गिऱ्हाईक त्यामुळे परत जाईल. पण जे थांबेल ते पुढच्या वेळी दुसऱ्याला घेऊन येईल, आणि त्या कमाईत इन्शाअल्लाह बरकत असेल.