घर रिकामे करताना : निवडीतला नफा आणि कागदाची अमानत

आमच्या वाशीचे नाव काढले की बाहेरचा माणूस नवी मुंबई समजतो. ही वाशी धाराशिव जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. येथील मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जातात, कित्येक कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि जुने घर म्हातारी माणसे सांभाळतात. ती माणसे गेली की वारस चार दिवसांच्या सुट्टीत येतात आणि घर रिकामे करण्याची घाई होते. मग भंगारवाल्याला बोलावून सगळा माल गुत्त्याने दिला जातो. पेटीत काय, माळ्यावर काय, कोणी पाहत नाही. एक ठोक रक्कम ठरते आणि गाडी भरली जाते.

युरोप-अमेरिकेत घर रिकामे करून देणे हा स्वतंत्र व्यवसाय आहे. आपल्याकडे हेच काम चौघांत वाटलेले आहे : भंगारवाला, रद्दीवाला, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आणि जुने लाकूड घेणारा वखारवाला. या चौघांचे काम एका हिशेबात आणले तर तालुक्याच्या गावीही दोन-चार तरुणांची रोजी-रोटी निघू शकते. मात्र या तिजारतीत कमाई वजनापेक्षा निवडीतून होते, हे आधी समजून घ्यावे.

धातूचा हिशेब

पितळेचा भाव लोखंडाच्या दहापटीहून अधिक असतो आणि तांब्याचा त्याहूनही वर. गुत्त्याने दिलेल्या मालात हंडे, घागरी आणि पराती लोखंडी पत्र्याबरोबर एकाच ढिगात जातात. नुकसान घरमालकाचे होते. म्हणून तांबे, पितळ, ॲल्युमिनियम आणि लोखंड दारातच वेगळे तोलावे. चांगली भांडी मोडीत घालू नयेत, कल्हई करून ती पुन्हा वापरात येतात. ॲल्युमिनियमचा जुना तुकडा वितळवून नवीन वस्तू करायला, खनिजापासून धातू काढण्याच्या मानाने सुमारे ९५ टक्के वीज वाचते. पर्यावरणाच्या गोष्टी करणाऱ्यांनी भंगारवाल्याचे हे काम विसरू नये.

कपड्याचा हिशेब

आम्ही कापडाच्या धंद्यातले, त्यामुळे याविषयी थोडे खुलासेवार सांगतो. जुन्या कपड्याचे चार वाटे करावेत. पहिला वाटा धडक्या कपड्यांचा. हे धुऊन, बटणे लावून पुन्हा विकले किंवा वाटले जातात. दुसरा सुती जुनेराचा. यातून आपल्या बाया वाकळ शिवतात. उरलेले तुकडे गॅरेज आणि कारखान्यात यंत्रे पुसायला जातात, कारण सूत तेल शोषते. तिसरा लोकरीचा. जुनी स्वेटरे, शाली आणि कोट हरियाणातील पानिपतच्या गिरण्यांचा कच्चा माल आहे. तेथे बटणे आणि चेन कापून कपडे रंगाप्रमाणे निवडतात, यंत्रात फाडून त्यांचे तंतू काढतात आणि पुन्हा सूत कातून त्याची कांबळी विणतात. रंग आधीच जुळवलेले असल्याने रंगणावळीचा बराच खर्च व पाणी वाचते. फाडताना तंतू आखूड होतो, म्हणून हे सूत जाडेभरडे असते. ही युक्ती १८१३ च्या सुमारास इंग्लंडमधील बॅटली गावात बेंजामिन लॉ यांनी काढली. चौथा वाटा पॉलिस्टर आणि मिसळीच्या कापडाचा. त्याला गिऱ्हाईक सर्वांत कमी असते.

कापड ओळखता येत नसेल तर एक धागा काढून जाळून पाहावा. सूत कागदासारखे जळते आणि मऊ राख पडते. लोकरीला केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. जुन्या शालू-पैठणीच्या खऱ्या जरीत चांदी असते. ती वजनावर देण्याआधी सोनाराला दाखवावी.

लाकूड आणि माती

आपल्याकडील माळवदाच्या घरात तुळया, खांब आणि चौकटी जुन्या सागवानाच्या निघतात. ते जळणात घालणे म्हणजे पैसा जाळणे आहे. पण घर उतरवण्याची रीत पाळली पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीची अशीच जड घरे कोसळून लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे दगावली. माळवदावर मातीचे किती ओझे असते, हे तेव्हा सर्वांना कळले. म्हणून आधी वरची माती उतरवावी, मग तुळईला हात लावावा. लाकडाच्या लोभाने आधी खांब हलवणारा स्वतःचा जीव धोक्यात घालतो.

हात लावू नये असा माल

तांब्याच्या लोभाने वायरी जाळू नयेत. त्यांच्या प्लास्टिकचा धूर विषारी असतो. जुन्या बॅटऱ्या फोडू नयेत, आत शिसे आणि आम्ल असते. २०२२ च्या बॅटरी नियमांनुसार वापरलेली बॅटरी परत गोळा करून तिचे पुनर्चक्रीकरण करवून घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. टीव्ही, फ्रिज आणि संगणक यांसाठी वेगळे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. हा माल नोंदणी असलेल्या पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच पोहोचला पाहिजे. आपल्या तालुक्यातील तेरखेडा फटाक्यांसाठी प्रसिद्ध आहे. जुन्या घरात फटाके किंवा दारू सापडली तर ती भंगारात मिसळू नये, पोलिसांना कळवावे.

कागदाची अमानत

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगतो. १९४८ पर्यंत आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि सरकारी भाषा उर्दू होती. खाजगी हिशेब पुष्कळदा मोडीत असत. त्यामुळे जुन्या पेटीतला कागद आजच्या वारसाला वाचता येत नाही. तो रद्दीत जातो. त्या कागदात इनामाचा मुंतखब असू शकतो, खरेदीखत असू शकते, वक्फ जमिनीची नोंद असू शकते. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि निजामकालीन कागदांत कुणबी नोंदी शोधण्याचे काम सुरू झाले. तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची गरज साऱ्या मराठवाड्याला पटली. ज्या कागदाची रद्दीत चार आणेही किंमत येत नाही, त्यावर एखाद्या घराची जमीन किंवा मुलाचा दाखला अवलंबून असू शकतो.

म्हणून वाचता न येणारा एकही कागद रद्दीत घालू नये. उर्दू शाळेतील जुन्या शिक्षकाला किंवा मोडीच्या जाणकाराला तो दाखवावा. आमच्यासारख्या उर्दू शिकलेल्यांनी हे काम मोबदला न घेता करावे, असे आमचे मत आहे. गुत्ता लिहितानाच त्यात घालावे की कागद, फोटो, दागिना आणि रोकड काही निघाले तर ते मालकाचे. ते त्याला परत करणे ही धंद्याची इमानदारी आहे.

हिशेब आणि कायदा

माल कोणाकडून घेतला, किती घेतला, याची वही ठेवावी आणि पावती द्यावी. चोरीचा माल आहे हे माहीत असून तो घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली शिक्षा आहे. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडून धातूचे भंगार घेतले तर त्यावरील जीएसटी नोंदणीकृत खरेदीदाराने भरावा लागतो. मोठ्या व्यापाऱ्याला माल देणाऱ्याने भाव ठरवताना हे लक्षात घ्यावे.

काही तरुण म्हणतील, हे हलके काम आहे. पुण्याकडे पाहा. तेथील कचरावेचकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभारली आणि तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. २००८ पासून ती पुणे महापालिकेबरोबर काम करते. तिच्या सभासद पुष्कळ करून स्त्रिया आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर पुण्याला गेलेल्या मराठवाड्यातील कुटुंबांपैकी अनेक या कामात आल्या. जे काम आपल्या माणसांनी परगावी जाऊन इज्जतीचे केले, ते वाशीत का होऊ नये? एक गाडी, एक तराजू, एक वही आणि वाचता येणारा एक माणूस, एवढ्या भांडवलावर सुरुवात होते.